काय शिकलीस गं?

वाशीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

मागं एकदा आमच्या गटाच्या बैठकीत पेढे आले. एका ताईंच्या बी.ए. झालेल्या लेकीला सरकारी कार्यालयात नोकरी लागली, महिना १०,००० रुपये! आम्हीही पेढा खाल्ला. कागद नीट वाचला तो मात्र दोन महिन्यांनी. ती नोकरी नव्हतीच, प्रशिक्षण होतं. शहरात त्याला इंटर्नशिप म्हणतात.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तुमच्यापैकी कित्येकींच्या घरात ती पोचली असेल. वय १८ ते ३५. बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये. हा पगार नव्हे, विद्यावेतन. ते थेट आधार जोडलेल्या बँक खात्यात येतं. मुदत आधी सहा महिन्यांची होती, पुढं ती वाढवून अकरा महिने केली. शेवटी प्रमाणपत्र मिळतं, पण कायम नोकरीची हमी नाही. हे आधीच समजलं असतं, तर पेढे आम्ही सहा महिन्यांनी मागितले असते!

तर दोन महिन्यांनी आम्ही तिला विचारलं, “काय शिकायलीस गं?” ती म्हणाली, “झेरॉक्स काढते. साहेबांचा चहा सांगून येते. बाकी बसून असते.” तिची आई म्हणाली, “बसून पैसे मिळायलेत, मग काय वाईट आहे?” आम्हाला ते पटेना. मुदत संपली की पैसे थांबणार. लेकरू घरी येणार ते झेरॉक्स काढायला शिकून. मग पाहुणे स्थळ घेऊन दारात उभे. शिकण्याचे हे दिवस पुन्हा कोण देणार?

आम्ही दोघी तिच्यासोबत कार्यालयात गेलो. भांडायला नाही, विचारायला. एवढंच म्हणालो, “साहेब, हिला एका टेबलाचं काम द्या. चुकलं तर सांगा.” साहेब काय म्हणाले असतील? “तिनं कधी मागितलंच नाही.” राग आला आम्हाला. पण परतताना बोलणं निघालं, तेव्हा कळलं की पोरीची तरी काय चूक? मोठ्या माणसांपुढं आपण होऊन बोलू नको, हे लहानपणापासून आम्हीच तिच्या कानात घातलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात तिला आवक-जावक नोंदवही मिळाली. कुणाचं पत्र, कधी आलं, विषय काय, कोणत्या टेबलाला गेलं. दिसायला सोपं, पण एक नोंद चुकली की कुणाचा तरी अर्ज महिनाभर सापडत नाही. पुढं मराठी टायपिंग आणि एक्सेलमधले तक्ते आले. मग टिपणी लिहायला शिकली. पहिली टिपणी लाल पेनाच्या खुणांनी तीनदा परत आली, तेव्हा ती घरी येऊन रडली. आम्ही तिला एक वही दिली. रोज संध्याकाळी तिच्यात तीन ओळी लिहायच्या: आज काय केलं, काय जमलं नाही, उद्या कुणाला विचारायचं.

जुन्या बायांना ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आठवत असेल. त्यानंतर घरं दुरुस्त करण्याच्या सरकारी कामात स्वयं शिक्षण प्रयोगानं लातूर आणि आपल्या जिल्ह्यातल्या गावांमधून बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. भूकंपात टिकणारी भिंत कशी बांधायची, योजनेत काय मिळतं, हे त्या आधी स्वतः समजून घ्यायच्या आणि मग घरोघरी सांगायच्या. इंजिनिअरलाही प्रश्न विचारायच्या. तेव्हा इंटर्नशिप हा शब्द कुणाला ठाऊक होता? काम करता करता, विचारत विचारत त्या शिकल्या.

आमच्या लेकीचे अकरा महिने संपले. आज ती वाशीतल्या एका ऑनलाइन सेवा केंद्रात काम करते. काय काय येतं, असं विचारल्यावर तिनं प्रमाणपत्राच्या आधी ती वही पुढं केली. मात्र खरं तेही सांगतो, पगार विद्यावेतनापेक्षा कमी आहे. आईला हे अजून सलतं, आणि त्यांचं चूक आहे असं आम्हाला म्हणवत नाही.

तुमच्या घरात कुणाला असं प्रशिक्षण घ्यायचं असेल, तर सध्या कुठं जागा आहेत ते महास्वयम संकेतस्थळावर पाहा, नाहीतर धाराशिवच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात विचारा. शिकायला लावतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर देऊ नका. आणि पहिल्याच दिवशी विचारा, काम कोण शिकवणार?

या सगळ्यातून आम्हीही एक ठरवलंय. पुढच्या महिन्यापासून ग्रामसंघाच्या हिशेबाच्या वह्या लिहायला दोन मुली तीन महिने आमच्याजवळ बसणार आहेत. विद्यावेतन द्यायला आमच्याकडं पैसे नाहीत. एसटीचं भाडं देऊ, बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून तेवढं परवडतं. कॅशबुक, कर्जाची नोंद, बँकेचं पासबुक जुळवणं, सगळं त्यांच्या हातानं करून घेऊ. चहा मात्र आळीपाळीनं आम्ही करू.