विक्रम आणि सन्मान



आपल्या तरुणांस खेळ प्रिय आहेत, म्हणून आज आम्ही एका परदेशी खेळाडूची गोष्ट सांगतों. अमेरिकेंतील पीट रोझ यानें बेसबॉलमध्यें ४२५६ हिट्स मिळविले. त्या देशाच्या प्रमुख स्पर्धांत इतके दुसऱ्या कोणासहि साधले नाहींत. परंतु सिनसिनाटी रेड्स संघाचा व्यवस्थापक असतां त्यानें स्वतःच्याच संघाच्या सामन्यांवर पैजा लाविल्या. १९८९ सालीं त्यास खेळांतून बहिष्कृत करण्यांत आलें, व १९९१ च्या नियमानें कूपरस्टाउन येथील कीर्तिमंदिराचें दारहि बंद झालें. २०२४ सालीं तो निवर्तला. ही बंदी मृत्यूबरोबर संपते, असें आयुक्तांनीं मे २०२५ मध्यें ठरविलें. मग आतां त्यास सन्मान द्यावा काय?

कोणी म्हणतात, आपला संघ हरावा अशी पैज त्यानें लाविली नाहीं. खरें, तसा पुरावा मिळाला नाहीं. पण ज्याचे पैसे आजच्या विजयावर लागले आहेत, तो थकलेल्या खेळाडूस विश्रांति कशी देईल? त्याची न्यायबुद्धि तेथेंच गहाण पडते. शिवाय २००४ पर्यंत तो हा दोष नाकारीतच राहिला.

क्षमा व सन्मान या भिन्न गोष्टी होत. क्षमा पश्चात्तापी मनुष्यास अवश्य मिळावी. सन्मान मात्र मुलांपुढें ठेवावयाचा कित्ता असतो. विक्रम तर नोंदींत आहेच. तो कोणी पुसलेला नाहीं. त्यास कीर्तिमंदिरांत स्थान द्यावयाचेंच असेल, तर फलकावर ४२५६ च्या खालीं १९८९ हा आंकडाहि कोरावा, असें आमचें मत आहे. सत्य झांकून दिलेला मान मृतासहि ओझेंच होतो.