शाळेमागचं डबकं

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि विषय दिलाय 'माझा प्रवास'. माझ्या प्रवासात सांगण्यासारखं फार नाही. इथून बारावी, मग इंजिनिअरिंग, मग पुण्यात बावीस वर्षं कॉम्प्युटरसमोर. म्हणून मी दुसऱ्याच एकाच्या प्रवासाबद्दल बोलणार आहे. त्याला तुम्ही सगळ्यांनी पकडलेलं आहे. काहींनी तर त्याच्या शेपटीला दोराही बांधलाय. मागच्या रांगेत हसू फुटलं, म्हणजे आठवलं.

चतुर. आपण त्याला हेलिकॉप्टर म्हणायचो. दोरा बांधणाऱ्यांत मीही होते, शिवणाच्या तासाचा पांढरा दोरा. ती शेपटी नसते, पोट असतं, हे मला चाळिशीत कळलं. आणि त्याची ती बारीक, नाजूक बहीण दिसायची ना, बसली की पंख पाठीवर मिटून घेणारी, ती टाचणी. चतुर पंख पसरून बसतो. चतुराचे डोळे बहुधा डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात, टाचणीचे दोन टोकांना, लांब लांब. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

आठवीत विज्ञानाच्या बाईंनी मागच्या डबक्यातलं पाणी जॅमच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवायला सांगितलं होतं. माझ्या बाटलीत एक मातकट, सहा पायांचा किडा आला. त्याने बेडकाची पिल्लं खाल्ली. एका सकाळी बघते तर काडीला चिकटलेलं नुसतं कोरडं साल, पाठीवर चिरलेलं. किडा मेला असं वाटून मी रडले होते. बाई, तुम्ही तेव्हा म्हणालात, "रडू नकोस, तो गेलाय, मेलेला नाही." मला ते धीर देण्यासाठी बोललेलं वाटलं होतं. ते शब्दशः खरं होतं.

चतुराचं आयुष्य मुळात पाण्यातलं. फुलपाखरासारखा कोश तो करत नाही. पिल्लू पाण्यात कात टाकत टाकत वाढतं आणि शेवटची कात टाकायला पाण्याबाहेर काडीवर चढतं. खालचा ओठ त्याने घडी घालून हनुवटीखाली ठेवलेला असतो, भक्ष्य टप्प्यात आलं की तो हातासारखा झटकन पुढे येतो. श्वास मागच्या बाजूने. तिथेच आत कल्ले असतात. घाबरलं की तिथूनच पाण्याची पिचकारी मारून पुढे सटकतं. टाचणीच्या पिल्लाला मात्र मागे पानासारखे तीन कल्ले असतात. (वर्गात हे शिकवलं असतं तर 'ब' तुकडी आठवडाभर हसत बसली असती.)

हे घराणं फार जुनं. फ्रान्समधल्या कोमांत्री इथल्या कोळशाच्या खाणीत एका कीटकाचे अवशेष सापडले, मेगान्यूरा नावाचे. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे. पंखांचा पसारा ६५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या प्रार्थनेच्या पेटीएवढा. तो आजच्या चतुरांचा थेट पूर्वज नाही, चुलत घराण्यातला. पण डायनासोर यायच्या कितीतरी आधी ही मंडळी उडत होती.

आता माझ्या पोटापाण्याशी जवळचं. आमची टीम गोदामात फिरणाऱ्या ट्रॉल्यांचा कॅमेऱ्याने माग काढणारं सॉफ्टवेअर लिहिते. पाच जण, आठ महिने, आणि अजूनही ट्रॉली खांबाआड गेली की आमच्या प्रोग्रामला ती सापडत नाही. चतुर उडत्या माशीच्या मागे धावत नाही, ती जिथे पोचणार तिथे आधी पोचतो. चारही पंख वेगवेगळे हलवू शकतो. बंदिस्त जागेतल्या निरीक्षणांत त्याच्या शंभरातल्या ९० हून अधिक झडपा यशस्वी ठरल्या. भक्ष्याची दिशा डोक्याकडून पंखांकडे पोचवणाऱ्या खास चेतापेशी किती? सोळा. हे वाचलं त्या दिवशी मी ऑफिसात फारसं काम केलं नाही.

आणि प्रवास. गणपती-नवरात्राच्या सुमारास ग्राउंडवर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे यायचे ना, त्यांत बहुतेक पँटाला फ्लॅव्हेसेन्स ही जात असते. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना दरवर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे लाखो चतुर उतरताना दिसायचे. त्या बेटांवर गोडं पाणी जमिनीवर साठतच नाही म्हणा, मग हे आले कुठून? २००९ मध्ये त्यांनी मांडलं, की हे भारताकडून वाऱ्याबरोबर येतात, समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातात, आणि त्यांची पुढची पिढी नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर परत येते. जाऊन-येऊन १४ ते १८ हजार किलोमीटर, साधारण चार पिढ्यांत. जो निघतो तो परत येत नाही.

या जातीला तळं, धरण काही लागत नाही. पावसाने साचलेलं, मासे नसलेलं, दीड-दोन महिने टिकणारं पाणी लागतं.

आता मुद्द्यावर येते. आपल्या तुकडीने शाळेला द्यायच्या निधीतून मागची सखल जागा मुरूम टाकून भरायची, वर पेव्हर ब्लॉक आणि स्टेज करायचं ठरलंय. माझेही पैसे त्यात आहेत आणि ग्रुपवर मी अंगठा दाखवून मोकळी झाले होते. काल संध्याकाळी येऊन बघितलं तेव्हा लाज वाटली. घोटाभर पाणी अजून आहे आणि गवताच्या काड्यांवर तीच सालं आहेत. मी अठ्ठावीस मोजली, मग अंधार झाला.

डासांचं काय, असं आपले खजिनदार विचारणार. बरोबर आहे. डास आठ-दहा दिवसांत तयार होतो, चतुराला महिन्याहून जास्त लागतो. म्हणून टायरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत फक्त डास वाढतो. तिथे चतुर काही करू शकत नाही. पण जून-जुलैपासून दिवाळीपर्यंत टिकणाऱ्या डबक्यात चतुराची पिल्लं डासांच्या अळ्या खातात. सगळ्या खातात असं मी म्हणणार नाही. ते पाणी बुजवून वर फरशी घातली, की फटींत पाणी साचेल ते निव्वळ डासांचं.

माझं म्हणणं एवढंच, की स्टेज पंधरा फूट पूर्वेला, कुंपणाच्या भिंतीकडे सरकवावं. मी पावलांनी मोजून पाहिलंय, बसतंय. कडेला मुलांसाठी कमरेएवढं कुंपण घालावं लागेल, त्याचा खर्च मी देते. कंत्राटदाराला सोमवारी आगाऊ रक्कम जाणार आहे, म्हणून आजच बोलले.

उद्या सकाळी सात वाजता मी मागच्या दाराशी थांबते. बाई येणार आहेत. जॅमची बाटली मी आणलीय.