अपील केले म्हणून दरखास्त थांबत नाही
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



आज खतांचा किंवा बियाण्यांचा विषय नाही. परंतु उभे पीक जसे गारपिटीने जाते, तसे ते बेलिफाने ताबा घेतल्यामुळेही हातचे जाते, म्हणून हा विषय घेतला आहे.

गावोगावी एक समज आहे की, जिल्हा न्यायालयात अपील दाखल केले की खालचा निकाल आपोआप थांबतो. हा समज चुकीचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 41, नियम 5 स्पष्ट सांगतो की, केवळ अपील केल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. त्यासाठी स्थगितीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. तो दिला नाही, तर अपील चालू असतानाच विरुद्ध पक्षाची दरखास्त पुढे सरकते.

स्थगिती देण्यापूर्वी न्यायालय तीन गोष्टी पाहते. अंमलबजावणी झाल्यास अर्जदाराचे भरीव नुकसान होईल काय? अर्ज विनाकारण उशिरा आला आहे काय? आणि पुढे निकाल विरुद्ध गेला, तर तो पाळण्यासाठी अर्जदाराने तारण किंवा जामीन दिला आहे काय?

पहिल्या मुद्द्यावर बरेच अर्ज कच्चे राहतात. "माझे फार नुकसान होईल" एवढे लिहून भागत नाही. समजा, दोन एकरांचा ताबा द्या असा हुकूमनामा आहे आणि रानात आठ महिन्यांचा ऊस उभा आहे. मग लागणीची तारीख, सातबाऱ्यावरील पीकनोंद, कारखान्याकडील उसाच्या नोंदीची पावती, विहीर व पाइपलाइनचा तपशील हे सर्व अर्जासोबत जोडा. राहते घर त्याच गटात असेल तर तेही लिहा. एकदा ताबा गेला, की पुढच्या माणसाने बांध मोडला किंवा झाडे तोडली तर ती भरून येत नाहीत, हे न्यायालयाला दिसले पाहिजे.

पैशाच्या हुकूमनाम्याचे तसे नसते. भरलेले पैसे अपील जिंकल्यावर परत मिळू शकतात, म्हणून तेथे न्यायालय सहसा रक्कम भरायला किंवा तारण द्यायला सांगते. ते न दिल्यास स्थगिती मिळणे कठीण. तारणाला जमीन देणार असाल आणि उताऱ्यावर आधीच सोसायटीचा बोजा असेल, तर ती पुरेल का, हे वकिलांना आधी विचारा. ताब्याच्या प्रकरणातही अटी येतात: जमीन विकू नये, गहाण टाकू नये, दरवर्षी ठरावीक रक्कम न्यायालयात भरावी. अट मोडली तर स्थगिती उठू शकते.

आता मुदत. जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस, उच्च न्यायालयात 90 दिवस. निकालाची नक्कल मिळण्यास लागणारा वेळ यातून वगळला जातो, म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी द्या. अपिलाची मुदत संपण्यापूर्वी, ज्या न्यायालयाने निकाल दिला त्याच्याकडेही तात्पुरती स्थगिती मागता येते. ही सोय फार थोड्यांना ठाऊक असते. मात्र मुदत उलटली तर विलंब माफीचा अर्ज करावा लागतो, आणि ते अपील ऐकायचे असे न्यायालय ठरवीपर्यंत स्थगिती देता येत नाही. सुगी उरकून मग बघू असे म्हणणारा इथेच अडकतो.

विरुद्ध पक्षाने कॅव्हेट दाखल केले असेल, तर त्याला अर्जाची नोटीस द्यावी लागते. तेवढा वेळ हाताशी ठेवा.

स्थगिती मिळाली तरी लगेच घरी जाऊ नका. तो आदेश खालच्या न्यायालयाला कळविला जाईल त्या दिवसापासून लागू होतो. आदेश पोचेपर्यंत, स्थगिती मिळाल्याचे स्वतःच्या माहितीवर आधारलेले प्रतिज्ञापत्र खालच्या न्यायालयात दाखल करा. त्यावरून त्या न्यायालयाने थांबायचे असते. एक प्रत जवळ ठेवा, बेलीफ आल्यास दाखविता येईल.

आणि ताबा आधीच गेला असेल तर? अपील सोडू नका. हुकूमनामा फिरला, तर कलम 144 खाली गेलेली जमीन आणि दरम्यानच्या उत्पन्नाची भरपाई मागता येते. त्यासाठी ताबा देताना केलेल्या पंचनाम्यात उभ्या पिकाची व झाडांची नोंद झाली आहे, हे पाहूनच सही करा.