उंदीर पडले, तर आधी बोंब मारा



जिथे ज्वारीची पोती, तिथे उंदीर आलाच. पण औषध न घालता उंदीर पटापट मरून पडू लागले, तर ते उकिरड्यावर फेकून विसरून जाऊ नका.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी उंदीर पडले, पिसवा माजल्या. मग ताप आणि जांघेत गाठ आलेली माणसे सापडली. प्लेगचा संशय आला. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि लाखो माणसे शहर सोडून पळाली. काही डॉक्टरांनीही दवाखान्याला कुलूप लावले. देशात ५० हून अधिक माणसे दगावली, त्यातली बहुतेक सुरतेची. काही देशांनी विमाने बंद केली, आपला माल अडवला.

आता आपल्या गावात संशयित रोगी निघाला तर? "बाजार बसेल, कापूस कोणी घेणार नाही," म्हणून गावपुढारी गप्प बसतो. पण दडवलेला रोग थांबत नाही. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची भुकेली पिसू माणसाला चावते. म्हणून आधी पिसवांवर भुकटी मारायची, उंदीर मारायचे ते नंतर. उलटे केले तर पिसवा आपल्याच अंगावर येतात. टेट्रासायक्लिन, स्ट्रेप्टोमायसिन अशी औषधे वेळेवर मिळाली तर रोगी वाचतो. त्याच्या जवळ वावरलेल्यांनाही सात दिवस गोळ्या देतात. यात लपवण्यासारखे काय आहे?

जबाबदारी एकट्या गावाची नाही. १८९७ साली पुण्यात रँडने गोरे शिपाई घराघरांत घुसवले. लोकांनी रोगी लपवले. दंडुक्याने रोगी बाहेर येत नाही, विश्वासाने येतो. म्हणून सरकारलाही आपले सांगणे आहे: संशयिताचे नाव चव्हाट्यावर आणू नका. ज्याला घरात बसवाल त्याच्या बुडालेल्या मजुरीचे बघा. तपासणीचा निकाल काय लागला ते ग्रामसभेत सांगा. रोग नव्हता असे ठरले, तर तेही तितक्याच मोठ्याने सांगा. नाहीतर अफवा उरते आणि भाव आमचा पडतो.

आणि आपण काय करायचे? मेलेल्या उंदराला हात लावायचा नाही. ताप आणि गाठ दिसली की त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवायचे. बोंडअळी दिसली की आपण शेजाऱ्याला सांगतो. माणसाच्या जिवासाठी तेवढे तरी करूच.