घर सावरा, पण पुरावा पाडू नका

(ग्रामसभेच्या आदल्या रात्री पाड्यावर झालेल्या बोलण्याचा मजकूर)

साथींनो, बायाबापड्यांनो,

उद्या ग्रामसभेत वनहक्काच्या दाव्यांचं बोलायचंय. त्याआधी आज घराचं बोलू. घरकुलाची यादी आली की आम्ही काय करतो? जुनं कुडाचं घर पाडतो अन् त्या जागी पत्र्याचं उभं करतो. उन्हाळ्यात पत्रा असा तापतो की दुपारी लेकराला आत निजवता येत नाही. थंडीत पहाटे गारठा. मग म्हणतो, जुनंच बरं होतं. तोवर त्याच्या काठ्या चुलीत गेलेल्या असतात.

पुण्याची कसबा पेठ बघा. शहराची सगळ्यात जुनी वस्ती ती. तिथल्या जुन्या वाड्यांना खाली दगडाचं जोतं, लाकडाचे खांब-तुळया, अन् भिंती कितीतरी ठिकाणी मातीच्या, हात-दीड हात जाड. जाड माती ऊन हळूहळू पिते. ऊब आत पोचेपर्यंत सांज होते. पैसेवाल्यांच्या वाड्यालाही मातीच लागली. मग आमचीच माती मागासलेली कशी?

मातीचा वैरी एकच, पाणी. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा नदीकाठच्या पेठांतली मातीची घरं भिजून खाली बसली.

आणखी एक बघा. वाडा खिळखिळा झाला की पावसाळ्याआधी महापालिकेची नोटीस येते. तरी भाडेकरू जागा सोडायला धजत नाही. भिंत उभी आहे तोवर तो इथं राहतो हे दिसतं. भिंत गेली की हातात नुसता कागद राहतो.

आमच्याकडं तर कागदही नाही. म्हणून वनहक्क कायद्यानं घरालाच पुरावा मानलंय. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वनजमिनीवर आमचा ताबा आहे, हे दाखवायला नियम 13 मध्ये घर, झोपडी, जमिनीचं सपाटीकरण, बांध हे पुरावे म्हणून लिहिलेत. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही चालतो. पुरावे मात्र एकापेक्षा जास्त लागतात. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही, हे कलम 4(5) सांगतं. मग आपला पुरावा आपल्याच हातानं का पाडायचा?

आता घर कसं सावरायचं ते.

पावसाची झड ज्या बाजूनं येते तिथं कुडाबाहेर वीतभर जागा सोडून दुसरी ताटी बांधा. पाऊस ताटी झेलेल, मधून वारा फिरेल, कूड सुका राहील. उन्हाळ्यात तीच ताटी मावळतीच्या उन्हाला आडवी येते.

भिंतीला बाहेरून मातीचा भर द्यायचा तर आधी कुडाला लागून दगड रचा, त्याच्याबाहेर माती चोपा. उंची गुडघ्याएवढीच, उतार घरापासून लांब. ओली माती कुडाला टेकली की कारवी कुजते, वाळवी चढते. डोंगराच्या अंगाला चर खणून पाणी वळवा. खांबाच्या बुडाला दगड ठेवा.

लिंपणात शेण अन् भाताचा पेंढा बारीक करून घाला. मातीवर सिमेंटचा गिलावा नको. आत ओल कोंडते अन् पापुद्रे सुटतात.

पत्रा घातलाच असेल तर त्याच्याखाली हातभर जागा सोडून बांबूचा तट्ट्या बांधा, वर वारा खेळू द्या. चुलीच्या वर मात्र तट्ट्या नको, आगीची भीती.

ह्या कामाला कारवी, बांबू, माती जंगलातूनच येणार. बांबू गौण वनोपज आहे, कायद्यातच लिहिलंय. घराला लागणारं बाकीचं निस्तार हक्कात मागा. सामूहिक दाव्यात एकेक जिन्नस नावानं लिहा. लिहिलं नाही तर उद्या कारवीची मोळी अडवली जाईल.

घर अगदीच पडायला आलं असेल तर जीव धोक्यात घालू नका. उतरवण्याआधी वनहक्क समितीला बोलवा. फोटो काढा, लांबी-रुंदी मोजा, शेजाऱ्यांच्या सह्या-अंगठे घेऊन पंचनामा करा. जुनं जोतं तसंच ठेवा. एक प्रत समितीकडं, एक घरात.

उद्या प्रत्येक घरातून एक बाई, एक गडी ग्रामसभेला यायलाच पाहिजे. पहिला ठराव हाच मांडू: पंचनाम्याशिवाय गावातलं एकही जुनं घर पाडायचं नाही.

जिंदाबाद!