डबा आणि टक्का

२००९ च्या जानेवारीतली गोष्ट. सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की चिंचोळी एमआयडीसी येते. तिथं एका मित्राला भेटून परतत होतो. नाक्यावरच्या कडुलिंबाखाली माझा भाचा डबा खाताना दिसला. सकाळचे साडेदहा वाजले होते. ही काही डब्याची वेळ नव्हे. मला पाहून तो गडबडला. परदेशी मागणी थांबली म्हणून ठेकेदारानं त्याला कमी केलं, त्याला पंधरा दिवस झाले होते. घरून मात्र तो रोज पहिल्या पाळीच्या वेळेला निघत होता. त्याची आई, म्हणजे माझी आपा, विड्या वळते. ती पहाटे उठून भाकरी थापायची आणि हा ती झाडाखाली बसून खायचा. मला म्हणाला, "मामू, घर में नको बोलो."

२००८ साली अमेरिकेतल्या बँका कोसळल्या आणि मंदी जगभर पसरली. मग वर्तमानपत्रांत देशोदेशींच्या बेरोजगारीचे तक्ते येऊ लागले. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेचा दर १० टक्के झाला. स्पेनचा २०१० साली २० टक्क्यांच्या घरात गेला. आपल्याकडे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातून २००९-१० चा दर निघाला २ टक्के! तक्ता वाचणाऱ्याला वाटावं, सगळं दुःख सातासमुद्रापार, आपल्याकडे आनंदीआनंद. मग कडुलिंबाखाली बसलेला तो मुलगा कोण होता?

श्रोतेहो, उत्तर मोजण्याच्या पद्धतीत आहे. काम नाही, काम शोधतो आहे आणि मिळालं तर करायला तयार आहे, अशा माणसाला जगभर बेरोजगार म्हणतात. पण 'काम' कशाला म्हणायचं? भाच्याला त्या दिवसांत आठवड्यातून दोनदा माल चढवण्या-उतरवण्याचं काम मिळे. आपल्या २ टक्क्यांच्या पद्धतीत सबंध वर्ष पाहतात. वर्षात तीसेक दिवस दुय्यम काम केलेलं असलं तरी माणूस कामावर धरला जातो. आठवड्याच्या पद्धतीत सात दिवसांत एक तास काम केलं तरी पुरतं. तिसरी पद्धत दिवसाची. तिच्यात भाच्याचे दोन दिवस कामाचे आणि पाच बेकारीचे. त्याच सर्वेक्षणात या तिसऱ्या पद्धतीनं दर निघाला ६.६ टक्के. देश तोच, माणसं तीच, वर्षही तेच. अमेरिकेतही तसंच. पूर्ण वेळ काम हवं असताना अर्धवेळावर भागवणारे आणि शोधून थकलेले लोक धरले, तर तिथला १० चा आकडा १७ च्या आसपास जात होता.

दुसरं असं की, बेरोजगार म्हणवून घ्यायलाही घरात चार महिन्यांचं धान्य लागतं. युरोप-अमेरिकेत काम गेलेल्याला काही काळ भत्ता मिळतो. तेवढ्यात तो नवं काम शोधू शकतो. आपल्याकडे असा आधार फार थोड्यांना आहे. मग माणूस मेव्हण्याच्या चहाच्या गाड्यावर उभा राहतो, कुणाची रिक्षा अर्धा दिवस चालवतो आणि मोजणीत कामावरचा ठरतो. आपाला पानं-तंबाखू निम्मीच मिळाली तरी तीही कामावरच!

म्हणून तुलना करूच नये का? करावी. त्यातून शिकायला मिळतं. २००९ साली जर्मनीचं उत्पादन पाच टक्क्यांहून जास्त घसरलं, पण बेरोजगारीचा दर जागचा फारसा हलला नाही. तिथल्या कारखान्यांनी माणसं कमी करण्याऐवजी कामाचे तास कमी केले. बुडालेल्या पगाराचा ६० ते ६७ टक्के भाग बेरोजगार विम्याच्या निधीतून मिळाला. त्या वर्षी मे महिन्यात १४ लाखांहून अधिक कामगार असे कमी तासांवर होते. स्पेनमध्ये बांधकामाचा धंदा बसला आणि मुदतीच्या करारावरची माणसं आधी घरी गेली. २००७ साली ८ टक्के असलेला दर २०१३ साली २६ टक्के झाला. मंदी दोन्हीकडे आली, पण घाव कुणी किती सोसायचा हे दोघांनी वेगवेगळं ठरवलं. माझ्या भाच्याच्या वाट्याला स्पेन आला, आणि कागदावर आपण जर्मनीच्याही पुढे!

अलीकडचं पाहा. आपला वार्षिक पद्धतीचा दर २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ३.२ वर आला. आठवड्याच्या पद्धतीनं मात्र २०२३-२४ चा दर ४.९ आहे. कुणी आकडा सांगितला की आपण विचारावं : मोजलं कसं? काम किती दिवसांचं? आणि त्यात घर चालतं का?

भाच्याला सहा महिन्यांनी काम मिळालं, तेही ठेक्यावरच. आपाला मी काही बोललो नव्हतो. पुढे तिनंच सांगितलं, तिला चौथ्या दिवशीच कळलं होतं. धुवायला टाकलेल्या कपड्यांना ग्रीसचा वास नव्हता. तरीही ती रोज पहाटे उठून डबा भरून देत होती.