जुना वाडा, नवा कारभारी

घरांतील एखादी वस्तु जुनी झाली म्हणजे तिच्याविषयीं दोन मतें ऐकूं येतात. तरुण मंडळी म्हणतात, ती टाकून द्यावी. वडील मंडळी म्हणतात, चालते आहे तोंवर तिला हात लावूं नये. आठ-दहा वर्षांपूर्वीं घेतलेल्या संगणकाविषयीं अनेक सुशिक्षित घरांत हाच वाद चाललेला दिसतो, आणि त्यास निमित्तहि तसेंच घडलें आहे. २९ जुलै २०१५ रोजीं बाहेर पडलेल्या विंडोज १० या कार्यप्रणालीला मिळणाऱ्या नित्याच्या विनामूल्य दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबल्या. संगणक मात्र त्या दिवशीं बंद पडले नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते पूर्वींप्रमाणेंच सुरू झाले. त्यामुळेंच या घटनेचें गांभीर्य पुष्कळांच्या ध्यानांत आलें नाहीं.

यंत्र हा वाडा मानला तर कार्यप्रणाली हा त्या वाड्याचा कारभारी होय. पत्रें, छायाचित्रें, हिशेब कोठें ठेवावयाचे, दारावर आलेल्या कोणास आंत घ्यावयाचें आणि कोणास बाहेरच थोपवावयाचें, हें सर्व तोच पाहतो. चोर कुलपें उघडण्याच्या नवनवीन युक्त्या शोधीत असतात, आणि वेळोवेळीं येणाऱ्या दुरुस्त्या हें त्या युक्त्यांना दिलेलें उत्तर असतें. दुरुस्त्या थांबल्या तरी वाडा उभाच राहतो. पण भिंतीला पडलेलें भगदाड बुजविणारा कोणी उरत नाहीं. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात तें अशा स्थितींत इंटरनेटला जोडून ठेवणें धोक्याचें आहे. वैयक्तिक वापरासाठीं नांव नोंदविणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत जाहीर झाली. परंतु अशी मुदत तयारी करण्यासाठींच असते.

तयारी न करतां कारभारी बदलला तर काय होतें, हें पाहण्यासाठीं एक प्रसंग कल्पावा. एका निवृत्त शिक्षकांनीं २००४ सालीं आपल्या गांवाच्या आठवणी संगणकावर लिहून काढल्या. तीनशें पानें झालीं. पुढें यंत्र बदललें तेव्हां त्या मजकुराबरोबर जुना फाँटहि नव्या यंत्रावर आला. आतां भाचा रविवारीं घरीं आला. त्यानें मामांचीं सर्व कागदपत्रें पेन-ड्राइव्हवर काळजीपूर्वक उतरविलीं, डिस्क पुसली आणि नवी कार्यप्रणाली बसविली. संध्याकाळीं मामांनीं आपला मजकूर उघडला, तों त्यांत एकहि मराठी अक्षर दिसेना. ओळीमागून ओळी रोमन अक्षरांच्या आणि विचित्र चिन्हांच्या! मजकूर शाबूत होता. हरवली होती ती लिपि.

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. युनिकोड या जागतिक संकेतांत देवनागरीस १९९१ सालींच स्थान मिळालें. पण घरोघरच्या संगणकांवर ती पद्धति रुळण्यास पुढें बरींच वर्षें लागलीं. तोंवर मराठी लेखन श्री-लिपि, आकृति यांसारख्या साधनांनीं होत असे. अशा जुन्या फाँटांत रोमन अक्षरांसाठीं नेमलेल्या जागांवर देवनागरीचे आकार बसविलेले असत. तो फाँट संगणकांत असेल तोंवर मराठी दिसे. फाँट गेला कीं खालचीं रोमन अक्षरें उघडीं पडत. भाच्यानें कागदपत्रें उतरविलीं, पण फाँट कार्यप्रणालीच्या स्वतंत्र कोठींत होता, आणि ती कोठी डिस्कबरोबर पुसली गेली.

म्हणून पहिली पायरी यादीची. कोणती वस्तु कोठें आहे, कोणत्या साधनानें ती उघडते, त्या साधनाचा परवाना किंवा मूळ तबकडी घरांत आहे कीं नाहीं, हें कागदावर लिहून काढावें. जुन्या फाँटांच्या प्रती वेगळ्या ठेवाव्या. जुन्या मराठी मजकुराची पीडीएफ प्रत फाँटासकट करून ठेवावी, म्हणजे निदान तो वाचतां तरी येईल. मग सवडीनें त्याचें युनिकोडांत रूपांतर करावें.

दुसरी पायरी प्रतींची. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी, असा जाणत्यांचा नियम आहे. पोथी नकलून झाल्यावर ती मूळ प्रतीशीं ताडून पाहिल्यावांचून तिच्यावर विसंबूं नये. तोच न्याय येथेंहि लागू पडतो. उतरविलेली प्रत दुसऱ्याच एखाद्या संगणकावर उघडून पाहावी. ज्या संगणकावरून ती घेतली त्यावरच ती पाहिली तर भाच्याची चूक कधींच उघडकीस येणार नाहीं.

तिसरी पायरी यंत्राच्या परीक्षेची. ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं आलेल्या विंडोज ११ च्या अटी कडक आहेत. ६४-बिट प्रोसेसर, निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, एवढें तीस लागतें. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधींचे बहुतेक प्रोसेसर तिच्या यादींत नाहींत. कांहीं यंत्रांत टीपीएम असूनहि ती बंद ठेवलेली असते. ती सुरू केली कीं काम भागतें. पीसी हेल्थ चेक या विनामूल्य साधनानें ही परीक्षा घरींच होते. याच वेळीं आणखी एक खबरदारी घ्यावी. कांहीं संगणकांची डिस्क बिटलॉकरनें कुलूपबंद असते, आणि यंत्राच्या मूळ मांडणींत बदल होतांच ती ४८ अंकी किल्ली मागूं शकते. ती किल्ली आधींच कागदावर उतरवून ठेवावी. ती त्याच संगणकांत ठेवणें म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरींतच ठेवून दार लोटण्यासारखें आहे.

या परीक्षेंत यंत्र उतरलें नाहीं तरी तें भंगारांत घालण्याचें कारण नाहीं. अटी चुकवून नवी विंडोज बसविण्याच्या वाटा आहेत. पण अशा यंत्राला पुढें दुरुस्त्या मिळतीलच, अशी हमी कंपनी देत नाहीं. त्यापेक्षां लिनक्सचा मार्ग अधिक सरळ. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्यानें आरंभिलेलें हें काम आज जगभरच्या लोकांच्या हातभारानें चाललेलें आहे. लिनक्स मिंटसारखी प्रणाली पेन-ड्राइव्हवरूनच चालवून पाहतां येते. डिस्कवर बसविण्याची आज्ञा दिली नाहीं तर आंतील मजकूर जागच्या जागीं राहतो. छपाईचें यंत्र चालतें का, मराठी टंकलेखन जमतें का, हें आधीं पाहावें व मगच निर्णय घ्यावा.

प्रत्यक्ष बदलाचा दिवस सवडीचा निवडावा. ज्या दिवशीं वीज जाण्याचा संभव आहे किंवा कर भरण्याची अखेरची तारीख आहे, तो दिवस टाळावा. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा. टेबलावरच्या संगणकास यूपीएसचा आधार असावा. डिस्क न पुसतां जुन्यावरच नवी विंडोज चढविली असेल, तर सामान्यतः दहा दिवस मागें परतण्याची सोय राहते. जागा मोकळी करण्याच्या उत्साहांत जुन्या प्रणालीची राखून ठेवलेली प्रत पुसली कीं ही सोयहि संपते. म्हणून त्या दहा दिवसांत प्रत्येक नित्याचें काम एकेकदां करून पाहावें.

एवढ्या पायऱ्यांना दोन-चार संध्याकाळ लागतील. पण संगणक बाजारांत नवा मिळतो, गांवाच्या आठवणी मिळत नाहींत. दुसऱ्या घरच्या संगणकावर त्या शिक्षकांच्या लेखनाचें पहिलें पान स्वच्छ मराठींत वाचतां आलें, म्हणजे मग भाच्यानें खुशाल जुनी डिस्क पुसावी.